पाळीच्या तारखेसोबत झोपही लिहून ठेवा
पाळीची तारीख आपण मोबाईलमध्ये टाकतोच, तर तिथेच रोज एक ओळ झोपेची पण टाका, किती वाजता झोपलात, मध्ये किती वेळा जाग आली, बस. दोन-तीन महिन्यांत पॅटर्न दिसायला लागतो. बऱ्याच जणींची झोप पाळीच्या आधीच्या आठवड्यातच बिघडते कारण तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन खाली येतं, आणि ओव्हुलेशननंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, शरीराचं तापमानही थोडं वाढलेलं असतं म्हणून गरम होतं, तर त्या दिवसांत खोली जरा थंड ठेवा, पांघरूण हलकं घ्या आणि दुपारनंतर कॉफी नकोच, कॅफिनचा परिणाम तासन् तास राहतो. चाळिशीनंतर मध्यरात्री घाम फुटून जाग येत असेल तर ते मेनोपॉजच्या आधीचे बदल असू शकतात, सहन करत बसू नका, त्यावर उपचार आहेत.

आणि रात्री पडल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटतात, चैन पडत नाही? हे टेन्शनच असतं असं नाही हं. ब्लीडिंग जास्त होत असेल तर लोह कमी पडून असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनबद्दलही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) विचारा, कारण हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. मनाने गोळ्या सुरू करू नका मात्र.

मोठ्या माणसाला निदान 7 तास झोप लागते. तेवढी मिळूनही सकाळी डोकं दुखत असेल, दिवसभर थकवा असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबणं) तपासणी करून घ्या, बायकांमध्ये तो घोरणं फारसं नसतानाही असू शकतो.