मेरोइटिक आकडे संगणकावर कसे लिहावेत

सुदानमध्ये नाईलच्या काठी मेरोए हे कुश राज्याचे शहर होते. तिथली मेरोइटिक लिपी ब्रिटिश अभ्यासक ग्रिफिथ यांनी १९११ च्या सुमारास उलगडली. भाषा मात्र अजून पुरती कळलेली नाही. या लिपीच्या वळणदार रूपातले आकडे २०१५ साली युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) आठव्या आवृत्तीत आले. या लिपीचे दुसरे रूप चित्रलिपीचे; त्याच्या विभागात आकडे नाहीत, तिथे शोधू नका.

आधी फॉन्ट घ्या. ‘नोटो सान्स मेरोइटिक’ मोफत मिळतो. तो नसेल तर पडद्यावर रिकामे चौकोन दिसतील. वेबपानावर लिहिणार असाल तर फॉन्ट पानासोबतच द्या, कारण वाचणाऱ्याकडे तो असण्याची शक्यता कमीच.

मग संख्या फोडा. खरे काम इथेच आहे. आपल्याकडे ५ हा अंक एककाच्या घरात पाच आणि शतकाच्या घरात पाचशे होतो. मेरोइटिकमध्ये अशी घरे नाहीत. पाचाचे चिन्ह वेगळे, पन्नासाचे वेगळे, पाचशेचेही वेगळे. त्यामुळे अंकाजागी अंक ठेवून चालत नाही. १९११ म्हणजे १०००, ९००, १० आणि १.

चिन्हांचे युनिकोडमधले दशमान क्रमांक असे: १ ते ९ साठी 68032 ते 68040, १० ते ७० साठी 68041 ते 68047, शंभर ते नऊशेसाठी 68050 ते 68058, हजार ते नऊ हजारांसाठी 68059 ते 68067. म्हणजे १९११ साठी 68059, 68058, 68041, 68032. मोठी संख्या आधी टाका. एचटीएमएलमध्ये & आणि #, मग क्रमांक, शेवटी ; असे लिहा. स्प्रेडशीटमध्ये ‘युनिकार’ सूत्राला (नाव रोमन अक्षरांत टाकून: UNICHAR) हाच क्रमांक द्या. क्रमांकातले अंक 0 ते 9 असेच हवेत, देवनागरी चालणार नाहीत.

मधले 68048 आणि 68049 रिकामे आहेत: ८० आणि ९० यांना चिन्हेच नाहीत. अशी संख्या असेल तर ७० आणि १० जोडून नवे रूप घडवू नका. ते शिलालेखांच्या नावावर खोटे खपवणे होईल. देवनागरीत लिहा आणि तसे सांगा.

अपूर्णांक बाराव्या भागांचे आहेत, आपल्या रुपयाच्या सोळा आण्यांसारखेच ठरावीक वाटे. एक बारांश 68086, तिथून दहा बारांश 68095 पर्यंत. अकरा बारांश मात्र मागे 68028 वर. अर्ध्याला 68029 हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि सहा बारांशाला 68091 हे वेगळे. मूळ लेखात जे असेल तेच वापरा.

आता दिशा. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तुम्ही आधी टाकलेला हजार उजव्या टोकाला दिसेल. ते बरोबर आहे, उलटवू नका. गोंधळ शेजारच्या मजकुरात होतो. मेरोइटिक संख्येपुढे बरोबरचे चिन्ह देऊन 1911 लिहिले, तर ते उडी मारून तिच्या डावीकडे जाते. १९११ लिहिले तर जागच्या जागी राहते, कारण युनिकोड देवनागरी अंकांना अक्षरांप्रमाणे डावीकडून उजवीकडे जाणारे मानते. मराठी लेखात म्हणून देवनागरी अंकच वापरावेत. तरीही स्वल्पविरामाने लागोपाठ दिलेल्या दोन मेरोइटिक संख्या जागा बदलतात. अशा वेळी प्रत्येक संख्येच्या आधी 8295 आणि नंतर 8297 ही अदृश्य चिन्हे घाला.

शेवटी फाईल यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत जतन करा. यातले प्रत्येक चिन्ह चार बाइटचे असते, आणि तीन बाइटांवर थांबणाऱ्या जुन्या डेटाबेसमध्ये ते टिकत नाही.