थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाताय? करार शेवटच्या पानापासून वाचा

ऑफर आली की नजर आधी पगारावर जाते. माझीही गेली होती. कोराटकडच्या एका शाळेचा करार मी चहा निवायच्या आत वाचला, सही करून स्कॅन पाठवला, आणि पुढच्या मार्चमध्ये कळलं की तो दहाच महिन्यांचा होता. थायलंडमध्ये शाळा मेच्या मध्याला सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. दहा महिन्यांचा करार म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार बंद, खोलीचं भाडं मात्र चालू.

म्हणून पहिलं काम: करार कधी संपतो ते शोधा. थाई प्रतीवर साल बौद्ध संवताचं असतं, त्यातून 543 वजा करायचे. 15 मार्च 2570 म्हणजे आपलं 15 मार्च 2027. बारा महिने भरत नसतील तर वर्षाचा एकूण पगार बाराने भागून पाहा, खरा आकडा तो. ऑक्टोबरमध्येही शाळेला सुट्टी असते. तिचा पगार मिळणार का, हेही शाळेला ईमेलवर विचारून टाका.

करार थाई आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत असेल, तर वाद झाल्यावर कोणता मजकूर ग्राह्य ते कलम पाहा. बहुतेकदा थाई. मग इंग्रजी प्रत कितीही गोड असो, थाई प्रत कुणा जाणकाराकडून वाचून घ्या.

पुढचा प्रश्न, तुमचा मालक कोण? शाळा की मधली एजन्सी? शिकवायचं शाळेत आणि पगार एजन्सीकडून, अशी व्यवस्था तिथे सर्रास असते. त्यात वाईट काही नाही, पण शाळेने एजन्सी बदलली तर तुमचं काय, हे लेखी हवं. वर्क परमिटवर कुणाचं नाव येणार तेही विचारा.

आता तास. ‘आठवड्याला 20 तास’ असं लिहिलेलं असतं ते फक्त तासिकांचं गणित. शाळेत हजेरी सकाळी साडेसातपासून दुपारी चार-साडेचारपर्यंत. आठवड्यातून एकदा गेट ड्यूटी: फाटकाशी उभं राहायचं, येणारं प्रत्येक पोर हात जोडून ‘वाई’ करतं, तुम्हीही हसून उत्तर द्यायचं. आठ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत. हे सगळं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. न आवडलं ते शनिवारचं ‘इंग्लिश कॅम्प’, कारण त्याचे पैसे करारात नव्हते म्हणून मिळालेही नाहीत. तुम्ही एक ओळ घालून घ्या: कमाल तासिका किती, आणि त्यावरच्या प्रत्येक तासाचे किती बाट.

पगाराबद्दल एक कडू गोष्ट. भारतीय शिक्षकाला तिथे ‘नेटिव्ह स्पीकर’ धरत नाहीत. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात आणि त्याच वर्गाला शिकवूनही पगार कमी देतात. हे मनाला लावून न घेता बी.एड. असेल तर ते पुढे करा. घासाघीस तिथेच जमते.

व्हिसाच्या बाबतीत तडजोड नको. ‘आधी पर्यटक म्हणून या, कागद नंतर करू’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यावर वर्क परमिट आणि नियमित शाळेत शिकवायला शिक्षक परिषदेची परवानगी लागते. पदवीचं साक्षांकन भारतातच उरकून निघा. या सगळ्याचा खर्च कोण करणार, तेही करारात यायला हवं.

भारतातला एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकंच घेता येतं. थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून माणसं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोचवली गेली आहेत. मार्च 2025 मध्ये अशा 500हून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. शाळा बँकॉकची आणि बोलावणं म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोतला, असं असेल तर तिकीट काढू नका.

शेवटी नोकरी सोडण्याचं कलम. नोटीस किती दिवसांची, मधेच सोडल्यास दंड किती, डिपॉझिट कापणार का? नोकरीवर मिळालेली मुक्कामाची मुदत नोकरीबरोबरच संपते, त्यामुळे शेवटचा दिवस कोणता ते लेखी ठरवून घ्या. पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, ‘सुरक्षेसाठी’ म्हणाले तरी.

आणि सही करण्याआधी त्या शाळेतल्या एका परदेशी शिक्षकाचा नंबर मागा. बहुधा कुणी फिलिपिनो बाई भेटतील. त्यांना शाळा कशी आहे असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. विचारा, गेल्या एप्रिलचा पगार कोणत्या तारखेला झाला?