डिप्लॉयमेंटचं पान लिहिताना आधी काय लिहावं
वेब ॲप आपल्या सर्व्हरवर चालवून देणाऱ्या हेरोकू कंपनीने मोफत डायनो (ॲप ज्यात चालतं ते कप्पे) बंद केले ते २८ नोव्हेंबर २०२२ ला. पायथन आणि रूबीच्या कितीतरी ट्युटोरियल्सचा शेवट तोवर ‘आता हेरोकूवर मोफत टाका’ असाच असायचा. मी तेव्हा एका मुक्तस्रोत प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्या गटात होते. डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे ॲप सर्व्हरवर चढवण्याच्या, पानावरून हेरोकू काढून दुसऱ्या कंपनीचं नाव घालू या, असा पहिला प्रस्ताव आला. मी विरोध केला. मोफत योजना कुणाचीच कायमची नसते.

आम्ही आधी ॲपला काय लागतं ते लिहून काढलं: पायथनची आवृत्ती, सतत चालू राहायला हवी ती प्रोसेस, पोर्ट (ॲप ज्या क्रमांकावर विनंत्या घेतं तो) कुठून वाचला जातो, पासवर्ड कुठल्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये), सीएसएस आणि चित्रांसारख्या स्टॅटिक फाइल्स कोण देणार. पायथनच्या जँगो या वेब फ्रेमवर्कचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही डब्ल्यूएसजीआय आणि एएसजीआय या सर्व्हर आणि ॲप जोडणाऱ्या मानकांपासून सुरुवात करतं, कुठल्या कंपनीपासून नाही.

पण तटस्थ म्हणजे मोघम नव्हे. ‘तुमच्या होस्टच्या सूचना पाहा’ या वाक्याने कुणाचंच काम होत नाही. अपलोड केलेल्या फोटोंचं घ्या. हेरोकूवर डायनो साधारण दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट होतो आणि त्याच्या डिस्कवर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर, तेच फोटो जागेवर राहतात. त्यामुळे ‘फोटो मीडिया फोल्डरमध्ये जातात’ एवढ्यावर भागत नाही. ‘या फोल्डरला रीस्टार्टनंतरही टिकणारी डिस्क हवी, ती नसेल तर ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइल्स ठेवायची वेगळी सेवा) जोडा’ असं लिहावं लागतं. हे कुठल्याही कंपनीला लागू पडतं, आणि होस्टला नेमकं काय विचारायचं तेही वाचणाऱ्याला कळतं.

एकेका कंपनीसाठीच्या पायऱ्या आम्ही वेगळ्या पानांवर नेल्या. प्रत्येक पानावर शेवटच्या पडताळणीची तारीख आणि सांभाळणाऱ्याचं नाव असतं. सांभाळणारा उरला नाही तर पान काढतो, मग ते कितीही वाचलं जात असो. किमती उतरवून घेत नाही, कंपनीच्या पानाची लिंक देतो. रेफरल लिंक (जिच्यावरून आलेल्या ग्राहकामागे मोबदला मिळतो ती) चालत नाही, आणि प्रायोजकाचं नावसुद्धा यादीत वर्णानुक्रमानेच येतं.

या कामात नवे असाल तर एखादं डिप्लॉयमेंटचं पान कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर ओळीने चालवून पाहा. स्वतःच्या माहितीतलं काही जोडू नका. अडलात की आलेला एरर जसाच्या तसा, आवृत्ती आणि तारखेसह, इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या अडचणींच्या नोंदीत) नोंदवा. आमच्याकडे नव्या माणसाला पहिलं काम हेच मिळतं, कारण जुन्यांच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं आणि गाळलेली पायरी त्यांना दिसतच नाही.