रोड बाईकला चेन घ्यायचीय? स्वस्त-महागच्या आधी जुनी चेन मोजा

मी एकदा हौसेने सगळ्यात महागडी सोनेरी चेन घेतली आणि ऐन जुलैत दोन रविवार सायकलने इंदूर-महू करून आलो, वाटेत काळी माती, चिखल, सगळं अंगावर. घरी येऊन गाडी जिन्याखाली लावली आणि चेनीला साधं फडकंसुद्धा लावलं नाही, म्हटलं एवढे पैसे मोजलेत तर टिकेल की. तिसऱ्या रविवारी जात्यात वाळू पडावी तसा आवाज यायला लागला. तेव्हापासून चेन घेताना मी किंमत सगळ्यात शेवटी बघतो, आणि आधी जे बघतो ते इथे ओळीने सांगतो.

१. मागची दातेरी चाकं मोजा.
कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाला लागलेल्या दातेरी चाकांच्या गठ्ठ्यावर, किती चाकं आहेत ते स्वतः मोजा, ८, ९, १०, ११ की १२. जितकी चाकं तितक्या स्पीडची चेन लागते, कारण स्पीड वाढला की चेन बाहेरून बारीक होत जाते: ८ स्पीडची साधारण ७.१ मिलिमीटर, ९ ची ६.६, १० ची ५.९, ११ ची ५.५ च्या आसपास. हा फरक नजरेला दिसत नाही आणि तिथेच फसायला होतं. माझ्या १० स्पीडच्या गाडीला एका दुकानात "ये भी चल जाएगी भिया" म्हणून ९ ची बसवून दिली होती, सपाटीवर चाललीही, पण चोरलहून सिमरोलकडे घाट चढताना शेजारच्या चाकाला घासून अशी किरकिर करायला लागली की सोबतचे लोक वळून बघत होते. १२ स्पीडवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, स्रॅम कंपनीच्या एएक्सएस (वायरलेस) गिअरच्या रोड गाड्यांना त्यांचीच फ्लॅटटॉप (एका कडेने सपाट) चेन लागते, तिथे स्वस्त-महागची चर्चाच फार उरत नाही.

२. जुनी चेन खरंच संपलीय का ते बघा.
चेन "ताणली" असं आपण म्हणतो पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत, आतल्या पिना आणि त्यांच्या बसायच्या जागा झिजतात आणि प्रत्येक जोडात केसभर ढिलाई येते, ती सगळी मिळून लांबी वाढते. चेन-चेकर (झीज मोजायची छोटी पट्टी) असेल तर ११-१२ स्पीडला ०.५ ची खूण आत गेली की बदला, ८-९-१० ला ०.७५ पर्यंत थांबता येतं.

चेकर नसेल तर स्टीलची फूटपट्टी घ्या, पण इंचवाली. कंपासपेटीतली ३० सेंटिमीटरची इथे तोकडी पडते कारण आपल्याला ३०४.८ मिलिमीटर मोजायचेत. चेन गाडीवरच राहू द्या, पेडलवर थोडा दाब देऊन वरची बाजू ताठ करा, एका पिनेचा मध्य शून्यावर धरा. एका पिनेपासून दुसरी बरोबर अर्ध्या इंचावर असते, म्हणजे शून्यावरची सोडून पुढची चोविसावी पिन १२ इंचावर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज ०.५ टक्के, १/८ गेली तर १ टक्का, आणि मग बहुतेक कॅसेटलाही हात लागलेला असतो.

३. महाग चेनमध्ये जास्तीचे पैसे कशाचे ते समजून घ्या.
शिमानो कंपनीचं ११ स्पीडचं उदाहरण घ्या, खालून वर जाणाऱ्या तीन दर्जांच्या चेन: १०५ ची एचजी६०१, अल्टेग्राची एचजी७०१, ड्युरा-एसची एचजी९०१. तिन्ही एकमेकींच्या जागी चालतात. वर जाल तसं घर्षण कमी करणारा लेप जास्त भागांवर येतो आणि ड्युरा-एसच्या पिना पोकळ असतात. केएमसी कंपनीच्या एक्स११एसएलमध्ये पोकळ पिना आणि वर पट्ट्यांना खाचाही. यातून वजन वाचतं ते काही ग्रॅम, इंदूरच्या छप्पन दुकानच्या पोह्यांच्या अर्ध्या प्लेटएवढंसुद्धा नाही, त्यामुळे वजनासाठी पैसे घालू नका. मुलामा आणि लेप मात्र कामाचे आहेत, पावसात गंज उशिरा धरतो. अगदी तळाच्या काळपट, बिनमुलाम्याच्या चेन एका ओल्या रात्रीत तांबूस होतात, त्या मी घेत नाही.

४. आता हिशोब, पण किलोमीटरचा.
समजा एक चेन १५०० ची आणि २५०० किलोमीटर चालली, म्हणजे किलोमीटरला ६० पैसे. दुसरी ४५०० ची, तिला तेवढंच परवडायचं तर ७५०० किलोमीटर जायला हवं. आपल्याकडच्या धुळीत आणि माझ्यासारख्या आळशी माणसाकडे ते होणार नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: मधली चेन घ्या, वेळेवर बदला, कॅसेट वाचवा, कारण खरा खर्च कॅसेटचा. महाग चेन त्यांच्यासाठी जे तेलाऐवजी पॅराफिनचं मेण वितळवून त्यात चेन बुडवतात आणि ते नेमाने करतात. (मेण थेट गॅसवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, घरी बोलणी मी खाल्लीयत.)

५. लांबी मोजू नका, कड्या मोजा.
नवी-जुनी शेजारी लटकवून टोकाला टोक जुळवलं की चूक होते, कारण १ टक्का झिजलेली ११० कड्यांची चेन जवळपास १४ मिलिमीटर लांब झालेली असते, म्हणजे अख्खी एक कडी जास्त. म्हणून दोन्हीच्या पिना जोडीजोडीने मोजत जा आणि तेवढ्याच ठेवा. गाडीवर आधीची लांबी बरोबर होती असं धरून हे सांगतोय.

६. बसवणं.
चेनवर एका बाजूला अक्षरं असतील तर ती बाहेर. क्विक लिंक (चेनीची दोन टोकं जोडणारी कडी) वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक घट्ट धरा आणि पेडलवर जोर द्या, "टक" आवाज आला की बसली. ११-१२ स्पीडच्या बहुतेक लिंक एकदाच वापरायच्या असतात, काढलीत तर नवी लावा. आणि मेकॅनिक नवी कोरी चेन घासलेटात बुडवायला निघाला तर हात धरा, कंपनीचं ग्रीस आतपर्यंत गेलेलं असतं ते धुऊन जातं. मेण लावणार असाल तरच धुवायची. एरवी वरून फक्त पुसा, नाहीतर धूळ चिकटते.

७. पहिली चाचणी चढावर.
स्टँडवर सगळे गिअर फिरवून बघा आणि मग एखाद्या चढावर जोर लावा. नवी चेन नेहमीच्या वापरातल्या दोन-तीन चाकांवरच उडी मारत असेल आणि बाकी चाकांवर नीट चालत असेल तर गिअर परत परत लावत बसू नका, चेनही दुकानात परत घेऊन जाऊ नका. त्या चाकांचे दात जुन्या चेनीने खाल्लेत, नवी कॅसेटच घ्यावी लागेल.