स्कॉट्स शब्दांचे अर्थ लावताय? या चुका टाळा

ग्लासगो-एडिंबराला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी पहिल्या आठवड्यातच निकाल देऊन मोकळी होतात: "इथले लोक इंग्रजीच बोलतात हो, पण अशुद्ध." वऱ्हाडीला बिघडलेली मराठी म्हणणारे पुणेकर आठवतात ना, तोच हा प्रकार. सातव्या शतकाच्या सुमारास नॉर्थंब्रिया या उत्तर इंग्लंडकडच्या जुन्या राज्यातली जुनी इंग्रजी आजच्या आग्नेय स्कॉटलंडमध्ये पोचली, तिथे आपल्या वळणाने वाढली, ती ही स्कॉट्स. आजच्या इंग्रजीची ती बहीण, मुलगी नव्हे. 2011च्या जनगणनेत 15 लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं सांगितलं. 2025 साली स्कॉटिश संसदेने कायदा करून तिला अधिकृत दर्जाही दिला. तेव्हा "अशुद्ध" हा शब्द आधी खिशात घाला, मग पुढे वाचा.

दुसरी चूक पहिल्याच्या बरोबर उलटी. न समजलेला प्रत्येक शब्द "गेलिक" ठरवायचा. एक तर इथे त्या भाषेला गॅलिक म्हणतात, गेलिक हा उच्चार आयर्लंडकडचा. दुसरं, ती केल्टिक कुळातली, म्हणजे पूर्ण वेगळी भाषा. 2011मध्ये ती बोलणारे साधारण 57 हजार होते. लॉख (तळं), ग्लेन (दरी), व्हिस्की, इतकंच काय 'स्लोगन'सुद्धा गॅलिकमधून आलं, हे खरं. पण बेर्न (मूल) आणि केन (माहीत असणं) जर्मेनिक, म्हणजे इंग्रजीच्याच कुळातले, किर्क (चर्च) व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेच्या वळणाचा. आणि तो सगळीकडे भेटणारा 'वी', म्हणजे छोटा, मुळात वजन या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून निघाला. फ्रेंच 'उई'शी (म्हणजे 'हो') त्याचा काडीचा संबंध नाही.

आता माझी खास चीड. एखाद्या शब्दाची आद्याक्षरांत फोड करायची आणि त्यावर गोष्ट रचायची! गोल्फ म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' हे मला आजवर इतक्या जणांनी फॉरवर्ड केलंय की आता उत्तर तयारच ठेवलंय, तेच परत चिकटवते. 1457 साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात स्कॉटिश संसदेने फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसत होते. त्या कायद्यात हा शब्द आहे, आणि तोही स्पेलिंगची ओढाताण करत. आद्याक्षरांचे शब्द बनवायची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. पंधराव्या शतकातल्या कारकुनाला ती कुठून सुचणार? शब्द बहुधा डच 'कोल्फ'वरून, म्हणजे काठी किंवा बॅट. आणि बायकांना बंदी म्हणाल, तर पती डार्न्लीच्या खुनानंतर काही दिवसांतच गोल्फ खेळली असा आरोप खुद्द स्कॉटलंडच्या राणी मेरीवर झाला होता. 'नेड'चंही तेच. उनाड पोरासाठीचा हा ग्लासगोचा शब्द म्हणजे 'नॉन-एज्युकेटेड डेलिंक्वेंट' असं लोक छातीठोकपणे सांगतात. ती फोड मागाहून चिकटवलेली आहे, शब्द तिच्या कितीतरी आधीपासून छापील मजकुरात सापडतो.

माझी सवय सांगते. व्युत्पत्ती जितकी मजेदार, तितका माझा संशय जास्त. मग सरळ 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' उघडते. 2004पासून ते ऑनलाइन फुकट आहे. त्यात नुसते अर्थ नाहीत, कोणत्या वर्षी कुठल्या मजकुरात शब्द आला याची अवतरणं आहेत. मी अर्थाच्याही आधी पहिलं साल बघते. गोष्टीतलं साल आणि अवतरणातलं साल जुळत नसेल तर गोष्ट केराच्या टोपलीत. यातही खऱ्या मजा सापडतात. 'गॅलस' आज ग्लासगोत बिनधास्त, रुबाबदार माणसाला म्हणतात. मूळ अर्थ फासावर चढवण्याच्या लायकीचा. 'ग्लॅमर' हे 'ग्रामर'चंच स्कॉट्स रूप: विद्या, मग जादू, मग भुरळ. 'ड्रीख' आधी लांबलचक, कंटाळवाण्या गोष्टीला म्हणायचे, प्रवचनालासुद्धा. आता तो पावसाळी, करड्या दिवसाला चिकटला.

फ्रेंच मुळांचं मात्र जपून. आशेट (वाढायचं मोठं ताट) हा 'असिएत'वरून, 'डिन्ना फॅश' (म्हणजे त्रास करून घेऊ नकोस) मधला फॅश हा 'फाशे'वरून, हे बरोबर. पण फ्रान्सशी 1295चा करार झाला म्हणून दिसेल तो शब्द फ्रेंच, हा आळशीपणा.

सगळ्यात जास्त गोंधळ ओळखीचे वाटणारे शब्द घालतात. एका केअर होममध्ये आपल्याकडची एक मुलगी नवीन लागली होती. हुशार, पण "कळलं नाही, परत सांगा" म्हणायची लाज. एक आजी तिला म्हणाल्या, "आह्म फेअर वॅबिट द डे, हेन." मुलीला ऐकू आलं 'रॅबिट'. तिने हसून मान डोलावली आणि शिफ्टच्या नोंदीत लिहिलं: आजींना आज ससा दिसतोय. पुढच्या शिफ्टने ते वाचलं. आजींना अचानक भ्रम होतोय म्हणजे लघवीचा संसर्ग असेल, म्हणून तपासणीला नमुना घेतला, आजींच्या लेकीला फोन, डॉक्टरांना फोन. शेवटी कपडे धुणाऱ्या बाईंनी नोंद वाचली आणि त्यांना हसू आवरेना. वॅबिट म्हणजे थकून गळून गेलेली. 'फेअर' म्हणजे अगदी, 'द डे' म्हणजे आज, आणि 'हेन' ही बायकांना लावायची मायेची हाक. आजींना फक्त झोप हवी होती! पुढे कित्येक दिवस त्या मुलीला बघितलं की त्या सशाची खुशाली सांगायच्या.

चूक शब्द न कळण्याची नव्हतीच, मान डोलावण्याची होती. इथल्या म्हाताऱ्या माणसांना अर्थ विचारलेला आवडतो, वर दोन शब्द जास्तीचे मिळतात. माझ्याकडे एक वही असते. शब्द, कोण म्हणालं, कुठे म्हणालं. तीन वेगळ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तो स्वतः वापरत नाही. नव्या मुलांना हे फार हळू वाटतं. त्यांना 'पन्नास स्कॉटिश शब्द' एका रात्रीत पाठ करायचे असतात. करा बापडे. 2020 साली असं उघड झालं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकी मुलाने भाषा न येता लिहिले होते. इंग्रजी वाक्य घ्यायचं, शब्दकोशातून एकेक शब्द बदलायचा, ही त्याची पद्धत. भाषा येणाऱ्यांना ते सावरत बसावं लागलं.

बाकीच्या चुका पटापट. 'मेसेजेस' आणायला जाणं म्हणजे वाणसामान आणणं, फोन तपासणं नव्हे. 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे राहता कुठे. हॉटेलचं नाव सांगू नका. 'द मॉर्न' म्हणजे उद्या, सकाळ नव्हे. उद्या सकाळ हवी तर 'द मॉर्न्स मॉर्न'. 'पीस' म्हणजे सँडविच. ग्लासगोत 'हाऊ?' विचारलं की बरेचदा त्यांना 'का?' म्हणायचं असतं, तिथे बसचा नंबर सांगत बसू नका. 'लॉख'मधला ख उर्दूतल्या 'ख़बर'सारखा घशातून काढा, 'खिडकी'तला नको. अॅबर्डीनकडे गेलात तर 'लून' म्हणजे मुलगा आणि 'क्वाइन' म्हणजे मुलगी, कुणी कुणाला वेडा किंवा राणी म्हणत नाहीये. तिथे 'व्हॉट'चा 'फिट' होतो, म्हणून 'फिट लाइक?' हा तब्येतीचा टोमणा नसून 'काय, कसं काय' आहे.

आणि 'आह डूट इट्ल रेन' ऐकून छत्री घरी ठेवणाऱ्यांनो, इथे 'डूट' म्हणजे शंका असली तरी ती उलट्या बाजूने असते: पाऊस येणार असं वाटतंय.