आय-स्टारमध्ये एजंट सिस्टीमचं पहिलं मॉडेल कसं काढायचं

एजंटवाली सिस्टीम (जिथे प्रोग्रॅम स्वतः ठरवून काम करतात) म्हटलं की लोक थेट यूएमएलचे, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना दाखवायच्या नेहमीच्या चित्रभाषेतले, क्लास डायग्राम काढायला बसतात, पण त्यात कोणाला काय हवंय आणि का हवंय हे दिसतच नाही, म्हणून सुरुवात आय-स्टारने (i*, नेमकं हेच आकृतीत मांडायची भाषा) करा. एरिक यू यांनी टोरांटो विद्यापीठात 1995 च्या पीएचडीत ही भाषा मांडली, एजंट सिस्टीम बांधायची ट्रोपोस पद्धतही हीच वापरते.

आधी फक्त ॲक्टर, म्हणजे त्यात भाग घेणारी माणसं आणि एजंट, लिहा. समजा दवाखान्याची अपॉइंटमेंट आहे, तर पेशंट, डॉक्टर आणि शेड्यूलर एजंट. मग कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे ते जोडा: पेशंट शेड्यूलरवर 'वेळ मिळावी' या गोलसाठी (उद्दिष्टासाठी), शेड्यूलर डॉक्टरवर 'मोकळे स्लॉट' या रिसोर्ससाठी. इथे अजिबात घाई करू नका, कारण गोल दिला तर कसं करायचं ते एजंट ठरवतो आणि टास्क दिला तर पद्धतही तुम्हीच ठरवून टाकली, म्हणजे एजंटला किती मोकळीक आहे ते इथेच ठरतं.

मगच ॲक्टरच्या आत शिरा आणि गोल टास्कमध्ये फोडा. 'फार थांबायला लागू नये' असली अपेक्षा आय-स्टार 2.0 मध्ये क्वालिटी म्हणून काढायची, आणि कुठला टास्क तिला हेल्प करतो, कुठला हर्ट, ते बाणावर लिहायचं. आय-स्टारच्या आकृत्या काढायचं पायस्टार हे टूल ब्राउझरमध्येच चालतं, त्यात काढा.