पहिला पीआर पाठवताय? टेस्ट चालवताना या चुका टाळा

पीआरच्या (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रोजेक्टमध्ये घ्यावा अशी विनंती) वर्णनात लिहिलेलं असतं, ‘ऑल टेस्ट्स पासिंग लोकली’, आणि खाली सीआय (प्रोजेक्टच्या सर्व्हरवर आपोआप होणारी टेस्ट-तपासणी) लालभडक. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मी आधी एकच प्रश्न विचारतो: नेमकं काय चालवलंत? याचं धड उत्तर फार कमी जण देतात. कोड बहुतेकदा बरा असतो, घोळ असतो तो टेस्ट चालवण्यात. माझा वावर पायथनच्या प्रोजेक्टांमध्ये जास्त असल्यामुळे उदाहरणं तिथली आणि मुख्यतः जँगोची (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) आहेत.

टेस्ट भलत्याच कोडवर चालवणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने एका पायथन लायब्ररीला पीआर पाठवला होता. बग खरा होता, दुरुस्तीही समजून केलेली. त्याच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं आणि सीआयवर चार टेस्ट फेल. ‘सर, सीआयच फ्लेकी आहे, री-रन करा ना,’ असं त्याचं म्हणणं. री-रन केलं, पुन्हा त्याच चार फेल. फ्लेकी टेस्ट कधी पास होते, कधी फेल. दर वेळी त्याच चार पडत असतील तर तिथे काहीतरी खरंच बिघडलेलं आहे.

शेवटी कॉलवर बसलो. त्याला म्हटलं, ‘तू बदललेल्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर एक एक्सेप्शन टाक आणि टेस्ट चालव.’ त्याने टाकलं, चालवलं. सगळं हिरवं! ज्या फंक्शनने पहिल्याच ओळीत कोसळायला हवं होतं, ते सुखरूप पास झालं.

झालं होतं असं: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने हीच लायब्ररी आधी पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) इन्स्टॉल केली होती, त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये. या प्रोजेक्टचा कोड ‘एसआरसी’ नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये असल्यामुळे रेपोच्या मुळाशी उभं राहून पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) चालवलं तरी तो आपोआप सापडत नाही. पायथनला साइट-पॅकेजेसमधली (इन्स्टॉल केलेली पॅकेजं जिथे बसतात ते फोल्डर) जुनी, रिलीज झालेली प्रत मिळाली आणि त्याने तीच इम्पोर्ट केली. पोराने तीन दिवस कोड बदलला आणि टेस्ट मात्र दुसऱ्याच कोडच्या झाल्या.

माझी सवय सांगतो. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, आणि क्लोन केल्यावर लगेच पिप इन्स्टॉलला ‘मायनस ई’ लावून एडिटेबल इन्स्टॉल, म्हणजे तुमच्या फोल्डरमधलाच कोड वापरला जातो. मग पायथन उघडून मॉड्यूल इम्पोर्ट करायचं आणि त्याचं डंडर-फाइल (`__file__`) छापून पाथ डोळ्यांनी बघायचा. शंका उरलीच तर वरच्यासारखं एक एक्सेप्शन टाकून कोड मुद्दाम मोडायचा. मोडल्यावरही हिरवं दिसत असेल तर पुढे काही करण्यात अर्थ नाही.

जँगोमध्ये तर ही माहिती आयती मिळते. टेस्ट्स फोल्डरमधलं ‘रनटेस्ट्स’ चालवलं की सुरुवातीलाच ‘टेस्टिंग अगेन्स्ट जँगो इन्स्टॉल्ड इन’ असं लिहून पूर्ण पाथ येतो. तेवढी ओळ वाचा. घाई असलेले लोक नेमकी तीच सोडून तळाच्या ‘ओके’वर नजर टाकतात.

कोड न बदलता आधी एकदा न चालवणं

क्लोन केल्या केल्या, एकही अक्षर न बदलता टेस्ट चालवा. तेव्हाच काही फेल झाल्या तर त्या तुमच्या बदलामुळे नाहीत, एवढं कळतं. नंतर कळत नाही.

कधी लाल न झालेली टेस्ट

बग दुरुस्त केला, मग टेस्ट लिहिली, पास झाली, पाठवून दिली. ही टेस्ट बग पकडते हे कुणी तपासलं? दुरुस्ती बाजूला ठेवून ती चालवली आणि तरीही पास झाली, तर ती टेस्ट कशाचंही रक्षण करत नाही. उलट पुढच्या माणसाला खोटा दिलासा देते, हे जास्त वाईट.

टेस्ट मी आधी वेगळ्या कमिटमध्ये टाकतो, चालवतो, लाल झालेली बघतो आणि मगच दुरुस्तीला हात लावतो. दुरुस्ती आधीच झाली असेल तर तेवढीच फाइल गिट स्टॅशमध्ये (बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याची सोय) टाकून टेस्ट चालवायची. याला एक मिनिटही लागत नाही. ‘वेळ नव्हता’ हे कारण मी इथे ऐकून घेत नाही.

याच प्रकारातल्या आणखी दोन गोष्टी. फंक्शनचं नाव ‘टेस्ट’ने सुरू होत नसेल तर युनिटटेस्ट आणि पायटेस्ट दोन्ही त्याच्याकडे बघतही नाहीत. आणि कॉपी-पेस्ट करताना एकाच क्लासमध्ये एकाच नावाच्या दोन मेथड राहिल्या तर पायथन पहिली गपचूप पुसून दुसरी ठेवतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, जुनी टेस्ट गायब. म्हणून आधी किती टेस्ट चालल्या आणि आता किती, हे आकडे ताडून बघा.

स्किप म्हणजे पास नव्हे

टेस्ट चालताना छापल्या जाणाऱ्या टिंबांच्या रांगेत मधेमधे ‘एस’ दिसतो, तो स्किप झालेल्या टेस्टचा. जँगोचा टेस्ट संच काहीही न सांगता चालवला तर एसक्यूलाइटवर (एका फाइलमध्ये मावणारा साधा डेटाबेस) चालतो. सुरुवातीला ते सोयीचं आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण एसक्यूलाइटमध्ये ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ची (वाचलेल्या ओळींना कुलूप लावण्याची) सोय नाही. तुम्ही त्याच कोडमध्ये बदल केला असेल तर त्याच्या टेस्ट एसक्यूलाइटवर स्किप होणार आणि शेवटी ‘ओके’च दिसणार. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या वागण्यात हात घातला असेल तर पोस्टग्रेसवर चालवा. त्यासाठी स्वतःची सेटिंग फाइल लागते आणि तिच्यात ‘डीफॉल्ट’ व ‘अदर’ असे दोन डेटाबेस द्यावे लागतात. ही जुळवाजुळव नको असेल तर जँगो-डॉकर-बॉक्स (ही मांडणी आयती देणारा डॉकरचा संच) वापरा. पिलोसारखं (चित्रं हाताळणारं) ऐच्छिक पॅकेज नसेल तरी टेस्ट अशाच स्किप होतात.

रात्री फेल, सकाळी पास

भारतातून योगदान देणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण हा त्रास आपल्या वाट्याला हमखास येतो. आपल्यातले बरेच जण नोकरी किंवा कॉलेज आटोपून रात्री बसतात. आपली वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ) साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि यूटीसीत अजून कालचीच. टेस्टमध्ये एका बाजूला स्थानिक आजची तारीख आणि दुसऱ्या बाजूला यूटीसीची असेल, तर ती टेस्ट आपल्याकडे फक्त या साडेपाच तासांत फेल होते. सीआयची मशीन बहुधा यूटीसीवर असतात, तिथे दोन्ही तारखा सारख्याच.

एका नवख्या मुलीने अशीच फेल होणारी टेस्ट सरळ स्किप करून पीआर पाठवला होता. मी कारण विचारलं, तर म्हणाली, सकाळी बघितलं तेव्हा पास होत होती, म्हणून वाटलं टेस्टच खराब आहे. तिला म्हटलं, टीझेड व्हेरिएबलला (टाइम झोन ठरवणारं) यूटीसी देऊन आत्ता, रात्रीच चालव. पास झाली. पुन्हा आशिया-कोलकाता देऊन चालवली, फेल. एवढ्यावर कारण पक्कं झालं. तिने आधीचा पीआर मागे घेतला आणि टेस्टमधली वेळ गोठवणारा नवा पाठवला. ही दुरुस्ती तिच्या मूळ बदलापेक्षा जास्त मोलाची होती, कारण आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येकाची ती अडचण दूर झाली.

अर्ध्या तासाचा फरकही लक्षात ठेवा. टाइम झोनचा फरक पूर्ण तासांतच असतो असं धरून लिहिलेला कोड आपल्या +५:३० ला अडखळतो, नेपाळच्या +५:४५ ला तर नक्कीच. जँगो सेटिंगमधला टाइम झोन स्वतःच्या प्रोसेसला लावून घेतो, पण विंडोजवर तसं करता येत नाही. तिथे मशीनची वेळच चालते.

थोडक्यात, पण वारंवार दिसणारं

पहिल्या बदलापासून अख्खा संच चालवत बसू नका. जँगोच्या टेस्ट 15,000 हून जास्त आहेत. काम करताना त्या-त्या मॉड्यूलचं नाव देऊन तेवढ्याच चालवा, पाठवण्याआधी मात्र एकदा सगळ्या.

एकटी पास होणारी टेस्ट सगळ्यांसोबत फेल होत असेल तर दुसरी कुठली तरी टेस्ट मागे कचरा सोडतेय. जँगोमध्ये ‘रिव्हर्स’, ‘पेअर’ आणि ‘बायसेक्ट’ हे पर्याय त्यासाठीच आहेत. अंदाज बांधत बसू नका, बायसेक्ट लावा, तो संच अर्धा-अर्धा करत दोषी टेस्ट शोधतो.

डीबगर वापरायचा असेल तर पॅरललची (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची) संख्या एकवर आणा.

टेस्ट पास व्हावी म्हणून असर्टमधली अपेक्षित किंमत बदलू नका. स्लीप टाकून तर मुळीच नको. दोन सेकंदांचा स्लीप तुमच्या मशीनवर पुरतो, गर्दीतल्या सीआयवर पुरत नाही.

आणि सीआयला आपलं टेस्ट मशीन समजून दर पाच मिनिटांनी पुश करणं थांबवा. गूगल समर ऑफ कोडच्या (नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणारा गूगलचा उपक्रम) अर्जांचे दिवस आले की हे फार वाढतं. गिटहबवर पहिल्यांदा योगदान देणाऱ्याची सीआय बऱ्याच प्रोजेक्टांत मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) परवानगी दिल्यावरच चालते. म्हणजे तुमच्या प्रत्येक ‘फिक्स’, ‘फिक्स अगेन’ कमिटसाठी कुणीतरी बिनपगारी माणूस आपलं काम सोडून बटण दाबतो. लोकलवर चालवा आणि वर्णनात पायथनची आवृत्ती, डेटाबेस, वापरलेली कमांड आणि किती टेस्ट स्किप झाल्या हे चार ओळींत लिहा. असा पीआर मी त्याच दिवशी वाचायला घेतो.